शेजारच्या सीटचा ब्रेक

सोमवार, ३

आजपासून मी संशोधक! ओळखपत्रावर फोटो भयानक आलाय, पण खाली स्पष्ट लिहिलंय, ‘संशोधन सहायक’.

ही डायरी मॅडमच्या हुकमावरून. सकाळी मी त्यांना माझी ओळख करून दिली, तर म्हणाल्या, "तू मराठी बोलतेस की बातम्या देतेस? लोकांनी आपल्याशी मोकळं बोलायला हवं ना? मग आधी स्वतः मोकळी हो. रोज लिही, जसं बोलतेस तसं." शाळेत मराठी तिसरी भाषा होती माझी, त्यात कायम जेमतेम पास. पण हुकूम म्हणजे हुकूम.

आमचा विषय: मोबाईलवरच्या जुगाराने लोकांना होणारा त्रास कमी कसा करायचा. लोक का खेळतात यावर ढीगभर संशोधन आहे. मॅडमना उलटं हवंय. खेळणारा माणूस मध्येच थांबतो, तेव्हा नेमका कशामुळे थांबतो? ते कळलं तर तेच वाढवता येईल. कसलं भारी आहे हे!

टीम केवढी? मॅडम, एक्सेलदादा आणि मी. एक्सेलदादा हा आमचा आकडेमोड करणारा. दिवसभर स्क्रीनमध्ये, बाहेर फक्त चहापुरता. खोली आधी रसायनांचं स्टोअर होती, त्यामुळे माझ्या टेबलाला एक बेसिन आहे. पाणी येत नाही. मी त्यात फायली ठेवल्यात.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "जुगारावर नोकरी? लोकांना काय सांगू मी?" मामा जेवता जेवता म्हणाला, "हल्ली कोण खेळतं गं जुगार?" आणि मग मला अर्धा तास समजावलं की त्या चक्रवाल्या ॲपमध्ये आधी मुद्दाम जिंकू देतात, मग कसं गुंतवतात. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. "तुला एवढं कसं माहीत?" तर म्हणाला, "शिकायला येणारे सांगतात. गाडीत बसलं की माणसं काय वाट्टेल ते बोलतात."

मामा आमचा ड्रायव्हिंग शिकवतो. घरातच असा सोर्स! उद्या मॅडमना सांगते.

गुरुवार, ६

आमच्या प्रश्नांचा फॉर्म वेबसाइटवर टाकून तीन दिवस झाले. एकच उत्तर आलंय. तेही एक्सेलदादाने टेस्ट म्हणून भरलेलं.

त्यात मामाने आजपासून मला गाडी शिकवायला घेतलंय. त्याच्या गाडीला शेजारच्या सीटखाली पण एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्याचा. मला वाटलं मी मस्त चालवतेय, तोच गाडी कच्चकन थांबली. मी ओरडले, "मी मारणारच होते ब्रेक!" तर म्हणाला, "हो, भिंत झाल्यावर."

"तू ब्रेक मारलास की मला राग येतो."

"सगळ्यांना येतो. बेकरीवाल्या काकू तर मला चिमटा काढतात."

या काकू त्याच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. दोनदा नापास. क्लासला मात्र नेहमी पंधरा मिनिटं आधी हजर, आणि येताना त्याच्यासाठी पाव.

आई मामासाठी दुकानातून पोटाचं औषध घेऊन आली. ती औषधांच्या दुकानात आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला बाटली असते. मामा हल्ली बाथरूममध्ये जातो तो नळ सोडून बसतो, बाहेरच येत नाही. बिचारा.

सोमवार, १०

मॅडम आठवडाभर परिषदेला गेल्यात. फोन केला की उत्तरं येत नाहीत, काय करू? मागून माईकचा आवाज येत होता. "काहीतरी बक्षीस ठेव, बाकी मी आल्यावर," म्हणाल्या आणि कट.

बक्षीस! आमच्या संस्थेत पद्धतच आहे म्हणे. प्रत्येक सर्व्हेला लकी ड्रॉ. दातांच्या सर्व्हेला इलेक्ट्रिक ब्रश, झोपेच्या सर्व्हेला भारीतली उशी. ती उशी एक्सेलदादालाच लागली होती. खुर्चीत पाठीमागे घेऊन बसतो, ती तीच.

मग मी दुपारभर बसून पोस्टर केलं. पिवळ्यावर लाल. ‘जुगाराच्या त्रासाबद्दल बोला आणि जिंका नवा कोरा फोन!’ खाली: ‘प्रत्येक फॉर्मला एक कोड. जितक्या लवकर, तितकं बरं!’ नाव-पत्ता काही नको, निघालेला कोड वेबसाइटवर लावू. एक्सेलदादा म्हणाला, "लाल थोडा कमी कर." बाकी त्याला काही खटकलं नाही. मी एक चक्र पण काढलंय, फिरणारं. फार गोड दिसतंय.

मंगळवार, ११

धो धो उत्तरं!! मी खुर्चीवर उभी राहून नाचले. बेसिनमधल्या फायली पडल्या.

घरी सांगितलं तर मामा म्हणाला, "अरे वा. आणि ड्रॉ कधी आहे?" माझ्या कामात एवढा इंटरेस्ट घेणारा घरात तो एकटाच.

शुक्रवार, १४

मी शोध लावलाय. खरंच.

फॉर्मच्या शेवटी एक मोकळी चौकट आहे, ‘तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?’ सुरुवातीला लोक ‘नाही’ लिहीत होते, नाहीतर तेच तेच वाक्य. पण दोन दिवसांपासून लोक भरभरून लिहायला लागलेत. आणि बघा तर काय लिहितायत.

निवृत्त मुख्याध्यापिका: "हरलं की वाटतं, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये पडलीय. आवाज काही नाही, फक्त वेग."

नर्स, वय एकोणीस: "क्लचवरचा पाय उचलवत नाही. ना धड पुढे, ना धड मागे, नुसता जळका वास."

माळी: "सगळ्यांना शिकवतो आरशात बघा म्हणून. मी किती दिवसांत बघितला नाही."

(माळी आरशात बघायला कोणाला शिकवतो कोण जाणे. पण काय वाक्य आहे!)

मुख्याध्यापिका, नर्स, माळी, पुजारी, पोहायला शिकवणारी बाई, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच उपमा: गाडी! म्हणजे ताबा सुटण्याचा अनुभव माणसाच्या मनात गाडीच्याच रूपात असतो. वय, शिक्षण, धंदा, काही फरक पडत नाही. मी पेपरचं नाव पण ठरवलंय. मॅडम येऊ देत, उडतील.

टेक्निकल चूक नको म्हणून घरी मामाला सगळी वाक्यं वाचून दाखवली. "न्यूट्रलमध्ये उतारावर आवाज येत नाही, हे बरोबर आहे का?" तो भाजीचं पातेलं उगाच या हातातून त्या हातात घेत होता.

"बरोबर आहे."

"कसलं लिहितात ना लोक?"

"हं. लिहितात." मग थोड्या वेळाने, "हे सगळं तूच वाचतेस? एकटी?"

"एकटी. एक्सेलदादा फक्त आकडे बघतो."

तो हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. आईने औषधाची बाटली टेबलावर काढून ठेवली.

रविवार, १६

आज गाडी पहिल्यांदा एकदाही बंद पडली नाही! मामा म्हणाला, "चला, म्हणजे शेवटी शेवटी का होईना शिकलीस." मी म्हटलं शेवटी म्हणजे? तर गाडी विकतोय. येत्या शनिवारी माणूस येणार बघायला. जुनी झालीय, मग नवी घेणार, ऑटोमॅटिक, गार हवा सोडणारी.

आईला सांगितलं. नंतर भांडी घासता घासता म्हणाली, "नवी घेणाऱ्याचा चेहरा असा असतो का?" आईला प्रत्येक गोष्टीत आजार दिसतो. दुकानाचा परिणाम.

आरशाला लटकवलेला छोटा लाकडी हत्ती मला हवाय. मी शाळेत असताना मीच दिला होता त्याला.

सोमवार, १७

मॅडम आल्या. मी पोस्टर समोर धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

मग हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग खुर्ची. डोळ्यांतून पाणी. मी पण हसले, मला वाटलं चक्र आवडलं.

"अगं माझे बाई," त्या म्हणाल्या, "आपण लोकांना जुगार सोडा म्हणायला बसलोय, आणि दारात सोडत लावलीय! चक्रासकट!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एक्सेलदादा हळूच पाठीमागची उशी काढून टेबलाखाली सरकवत होता.

"दारू सोडवायच्या दवाखान्यात आपण एका ग्लासाचं कुपन वाटलंय," मॅडम म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "हे मजेशीर आहे, पण ज्याने भरला त्याच्यासाठी नाही."

दुपारभर निस्तरलं. ड्रॉ बंद. वेबसाइटवर माफी लिहिली, मी स्वतः. ज्यांनी भरला त्या सगळ्यांना कोड दाखवून सारखंच छोटं कुपन, किराण्याचं. संस्थेला मॅडमनी पत्र लिहिलं, त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. ‘आमच्याकडून’ असं होतं. मी बेसिनपाशी तोंड करून थोडं रडले. पाणी येत नाही तिथे, नाहीतर तोंड धुतलं असतं.

मंगळवार, १८

काल कमी पडलं म्हणून आज पुढचं.

एक्सेलदादा स्क्रीनमधून बाहेर आला. चहाची वेळ नसताना. म्हणाला, "तुझी ती गाडीवाली सगळी माणसं एकाच फोनवरून आलीत."

मुख्याध्यापिका, नर्स, माळी, पुजारी. सगळा एकच माणूस. ड्रॉमध्ये जास्त कोड मिळावेत म्हणून.

गेला माझा पेपर! मी म्हटलं, "फसवलं हो त्याने आपल्याला! सगळं फेकून देऊ."

मॅडमनी सगळे फॉर्म ओळीने मागवले. आधीचे आणि नंतरचे. शांतपणे वाचत गेल्या. मग मला जवळ बोलावलं.

"हे पहिले बघ. काय लिहिलंय?"

"‘नाही’. ‘नाही’. ‘काही नाही’. तेच परत परत."

"हं. हे कोडसाठी. आता हे बघ. कोडसाठी एवढं कोण लिहितं? ‘नाही’ लिहिलं तरी कोड मिळतच होता की." त्यांनी माळ्याच्या आरशावर बोट ठेवलं. "हा आला होता फोन जिंकायला. मग बोलायलाच लागला. मुख्याध्यापिका होऊन बोलला, नर्स होऊन बोलला. स्वतः होऊन तेवढा बोलला नाही."

"आकड्यांतून याला काढा. आणि फोनची ओळख पुसून टाका, आत्ताच्या आत्ता. आपल्याला तो कोण हे शोधायचं नाही. कधीच नाही. कळलं?" एक्सेलदादाने पुसलं. आम्ही बघत असताना.

"मग त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?" मी विचारलं.

"फॉर्म तर आहे ना अजून उघडा. एक नवा प्रश्न घाल. सगळ्यांसाठी. त्याला वाटलं तर देईल उत्तर. त्याच्याखाली हेल्पलाइनचा नंबर, मोठ्या अक्षरात. आणि हे बघ, लाल नको."

संध्याकाळभर प्रश्न सुचेना. घरी येताना एक शिकाऊ गाडी दिसली, शेजारी बसलेला माणूस हाताची घडी घालून, पाय मात्र तयार. तिथेच फूटपाथवर उभं राहून लिहिला:

‘समजा तुमच्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक आहे. तिथे तुम्ही कोणाला बसवाल?’

गुरुवार, २०

उत्तरं येतायत. बक्षीस नाही, तरी! थोडीच, पण खरी. "बायकोला. ती आधीच ब्रेक मारते." "माझ्या जुन्या सरांना." "माणूस नको, आमचा कुत्रा चालेल." एक्सेलदादा पण वाचून हसला, मोठ्याने. त्याला दात आहेत हे आज कळलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर हे आलं:

"भाचीला. पण तिलाच मी गाडी शिकवतोय. तिला वाटतं मामाला सगळं येतं. गाडी जाईल शनिवारी. तिने आरशाला हत्ती बांधला होता, तो तिला परत द्यायचाय, द्यायचा कसा कळत नाही."

शुक्रवार, २१

काल पुढे लिहिलंच नाही.

आधी मी स्वतःला सांगितलं की जगात मामा काय एकच आहे का. गाड्या विकणारे मामा असतील, भाच्या असतील. हत्तीवर येऊन अडकले.

नळ. औषध. "हे सगळं तूच वाचतेस?" घरातच सोर्स म्हणून मी मॅडमपुढे फुशारकी मारली होती.

रात्री जेवताना त्याच्याकडे बघवेना. त्याने नेहमीसारखं माझ्या ताटातलं शेवटचं बटाट्याचं काप उचललं आणि मी भांडले नाही. त्याला ते कळलं असणार. त्याने ते परत ठेवलं.

आज मॅडमना गाठलं. म्हटलं, "समजा एखाद्याला चुकून कळलं, की एखादा फॉर्म—"

"थांब," त्या म्हणाल्या. "मला नाव सांगू नकोस. नातं पण नको." माझा चेहरा बघितला असेल. खुर्ची ओढून दिली. "तू फॉर्ममध्ये जे वाचलंस ते या खोलीतच राहणार. ते घेऊन तू कोणाकडे जायचं नाहीस."

"पण मग मी काय करू? उद्या—"

"ऐक ना. संशोधक म्हणून तोंड बंद. पण घरातलं माणूस म्हणून तुला जे घरात दिसतं, ते विचारायला कोणाची बंदी आहे? तुला खोलीबाहेर काही दिसलंय का?"

दिसलंय की. सगळं दिसलं होतं. आईला तर गाडी विकायची म्हणाल्याबरोबर दिसलं होतं.

"विचार, आणि मग गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "गप्प बसणं तुला अवघड जाईल, मला कल्पना आहे."

शनिवार, २२

लिहिते, आठवतंय तोवर.

गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. मी सकाळीच म्हटलं, मामा, शेवटचा क्लास. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. मी दोन चकरा मारल्या, गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. तो म्हणाला, "छान. सिग्नल द्यायचा राहिला."

"मामा, गाडी का विकतोयस?"

"सांगितलं ना. ऑटोमॅटिक—"

"नवी घेणार नाहीयेस तू."

आणि मग मी गप्प बसले. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नाही. जीभ दाताखाली धरली होती. समोर काचेवर एक माशी वरून खाली चालत होती, ती पूर्ण खाली पोचली, परत वर निघाली.

"तुमचा तो शेवटचा प्रश्न," तो म्हणाला, "कोणी काढला?"

मी माशीकडेच बघत राहिले.

"तूच. इतका आगाऊ प्रश्न घरात दुसऱ्या कोणाला सुचणार?" तो हसला, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. "तूच वाचतेस म्हणालीस ना. म्हणून लिहिलं."

"मग सरळ सांगायचं की रे!"

"सरळ रस्त्यावर मला झोप येते."

मग सगळं बोलला. ॲप, मॅच, चक्र. क्लास संपले की गाडी झाडाखाली लावून, सीट मागे करून. घरी नळ सोडून. देणं झालंय, गाडी गेली की फिटेल. आणि गाडी गेली की शिकवणार कशावर, याचा त्याने विचारच केला नव्हता. की केला होता आणि सोडून दिला होता, माहीत नाही.

मी म्हटलं, "उतर."

"काय?"

"उतर. जागा बदल. तू चालव."

तो ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी. माझ्या पायाखाली तो ब्रेक. त्याने गाडी हळूच काढली. मैदानात, मोठा गोल. मामा इतकं सुंदर चालवतो, मी कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण मी कायम घाबरलेली असायचे.

"दाब की कधीतरी," तो म्हणाला. "बघू दे, राग येतो का."

मी दाबला. जरा जोरातच. दोघं पुढे आपटलो, हत्ती काचेवर आदळला, गाडी बंद पडली.

"आला?"

"आला ना!" तो कपाळ चोळत म्हणाला. "जाम आला." आणि आम्ही दोघं असे हसलो की मैदानातल्या शेळ्या निघून गेल्या.

घराशी आल्यावर म्हणाला, "ताईला तू सांग."

"मी नाही. मी फक्त शेजारी बसणार."

बसले. त्याने सांगितलं. आई ओढणीच्या टोकाशी चाळा करत सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "गाडी विकायची नाही. तुझं पोट आहे त्यावर. देणं आपण बसून बघू, हळूहळू. त्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हण." मग एकदम, "आणि मी तुझ्यासाठी पोटाचं औषध आणत होते रे! पंधरा दिवस! तू घेत होतास ते?"

"घेत होतो."

"कशाला?"

"तू एवढं आणायचीस, ताई. आणि चव बरी होती."

आईने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग हात तिथेच ठेवला.

शनिवार, २९

या आठवड्यात बरंच झालं. ॲप बंद करून घेतलं. परत उघडायचं तर आईच्या फोनवर विचारणा येते. मंगळवारी एकदा आली. मामानेच केली होती. आईने ‘नाही’ दाबलं, वर जाऊन त्याला चहा दिला आणि खाली येऊन एकटीच बसली. म्हणजे सोपं नाहीये. मला वाटलं होतं सांगितलं की झालं.

मॅडमना नवा प्रयोग करायचाय. खेळणाऱ्याने स्वतः निवडलेला माणूस, शेजारच्या सीटवर. त्याने राग येईल इतका ब्रेक मारायचा की नाही, कधी मारायचा, हे तपासायचं. पोस्टर मी करायचं नाही असं एकमताने ठरलंय.

आज मामा म्हणाला, हेल्पलाइनला फोन करतो. घरात नको, गाडीत. "तू बाहेर उभी राहा," म्हणाला. "आत नको. पण बाहेर राहा."

म्हणून मी झाडाखाली, बॉनेटला टेकून उभी. काचा वर. तो ड्रायव्हरच्या सीटवर, ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, फोन स्पीकरवर. पहिल्या दिवशी मी बसले होते ना, तस्साच. मध्येच मान हलवत होता.

तेवढ्यात बेकरीवाल्या काकू आल्या. अर्थात वेळेच्या आधी, पाव घेऊन. आत डोकावायला निघाल्या.

"काय गं, सर फोनवर का? माझा क्लास आहे ना?"

"आहे ना काकू. पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं. "आत्ता सरांचा क्लास चाललाय."

"सरांचा? ते कोणाकडे शिकतायत?"

मी काचेतून बघितलं. मामा काहीतरी बोलायला लागला होता. थांबला, परत लागला.

"पहिलाच दिवस आहे," मी म्हटलं. काकूंनी समजल्यासारखी मान डोलावली, पिशवी बॉनेटवर ठेवली आणि माझ्या शेजारी टेकून उभ्या राहिल्या. "पहिल्या दिवशी मी गाडी कुंडीत घातली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि मला एक पाव काढून दिला.